घाटाच्या तोंडाशी व्यालेली मेंढी

देवीनं आम्हाला वाचवलं, असं मी चार वर्षं सगळ्यांना सांगत आलो. ते खरंच आहे. पण कुणाच्या चुकीतून वाचवलं, हे मी कधी सांगितलं नाही. आता सत्तरी उलटली, हातात पाना धरवत नाही. देवापुढं बसलं की तेवढंच आठवतं.

तेलगावात माझं गॅरेज होतं. दिंद्रुडच्या शेषेरावची पिकअप कापूस भरला की चढावर दम तोडायची, क्लच जळायचा. त्याला जास्त ताकदीची क्लच प्लेट बसवून हवी होती. मीच त्याला बजावलं, क्लच दणकट केला की सगळा झटका मागची चाकं फिरवणाऱ्या शाफ्टवर येतो, त्याचा जॉइंटही नवा लागेल. तो हो म्हणाला. पण जॉइंट बीडहून आलाच नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घाटाखालच्या देवीला त्याच्या नातवाचं जावळ होतं. गाडी देतो असा मी शब्द दिलेला. मी क्लच नवा बसवला, पण जॉइंट जुनाच घासूनपुसून, ग्रीस भरून परत चढवला. आमच्याकडे नव्या पार्टला हळदकुंकू लावल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. मी त्या झिजलेल्या लोखंडालाही कुंकू लावलं. शेषेरावनं वाकून पाहिलं आणि हात जोडले.

सकाळी त्यानं मला मानानं पुढं बसवलं. मागं हौद्यात त्याची म्हातारी आई, सुना, लेकरं, असे अकरा जीव. निम्म्या वाटेवर खालून टकटक ऐकू येऊ लागली. ती कशाची, हे मला एकट्याला माहीत होतं. उतारावर शाफ्ट सुटला तर ब्रेकचा पाइप तोडणार, हेही माहीत होतं. एक शब्द बोललो असतो तर गाडी थांबली असती. मी डोळे मिटून देवीचा धावा करत राहिलो.

घाटाच्या तोंडाशी रस्ताभर मेंढरं होती. मधोमध एक मेंढी वेणा देत बसलेली, शेजारी म्हातारी धनगरीण.

"आजे, सरकव की तिला. जावळाचा टाइम चाललाय," शेषेराव म्हणाला.

"तुझ्या वेळंला तुझ्या मायला कुनी सरकवलं व्हतं का रं?"

हौद्यातून त्याची आई म्हणाली, "ह्यानं तर दोन दिस लावले बाई. बसू दे त्याला गप."

बायका हसल्या. आम्ही थांबलो.

कोकरू झालं, लटपटत उभं राहिलं. धनगरणीनं ते उचलून वाट मोकळी केली. शेषेरावनं गिअर टाकला, क्लच सोडला, आणि धाडकन शाफ्ट तुटून रस्त्यावर पडला. गाडी वीतभरही हलली नाही. उतार दहा पावलांवर होता. मी खाली वाकून पाहिलं. फिरत्या टोकानं ब्रेकचा पाइप कापला होता, तेल मातीत जिरत होतं. माझे गुडघे तिथंच टेकले. सगळ्यांना वाटलं, मी नमस्कार करतोय. उठल्यावर मी म्हणालो, "पार्ट खराब निघाला."

गेल्या आठवड्यात दिंद्रुडला जाऊन शेषेरावला खरं ते सांगितलं.

"मिस्त्री, जुना बसवला ते समजलं. पर गाडीत गप कावून बसलात?"

"भ्या वाटलं."

"मरनाचं?"

"न्हाई. तू काय म्हनशील, त्याचं."

त्यानं मान खाली घातली. मला माफ केलं का, ते मी विचारलं नाही.

त्या दिवशी देवीनं आधी मलाच हाक दिली होती, असं आता वाटतं. टकटक मला ऐकू येत होती, तोंडही मलाच होतं. शरण जायचं तर खरं बोलून पुढचं तिच्यावर सोडायचं, एवढंच तिचं माझ्याकडं मागणं होतं. मी ते केलं नाही, तेव्हा तिनं ते काम एका मुक्या जनावराकडून करून घेतलं.