पौर्णिमेला पाहुणे नकोत

तुमसरपासून पवनीपर्यंत अख्ख्या भंडारा जिल्ह्यात, महिन्यातून एक दिवस लोकांनी टरकून राहावं अशी एकच बाई माझ्या माहितीत होती, आणि नेमकी तीच माझी घरमालकीण होती. बाकीचे एकोणतीस दिवस तिच्याइतकी गरीब स्वभावाची बाई शोधून सापडली नसती. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी अड्याळच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागलो आणि तिच्या घराची रस्त्याकडची खोली भाड्यानं घेतली. घरात तिचे दोन मुलगे, दोन सुना आणि पाच नातवंडं. अख्खा मोहल्ला तिला आजी म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. नवरा ऐन उमेदीत गेल्यावर दुसऱ्यांच्या शेतात धानाची रोवणी करून तिनं दोन्ही मुलं शिकवली, हे मला मुलांनी सांगितलं. ती स्वतः एवढंच सांगे, की चिखलात वाकल्यावर मनात वंदना म्हटली तर पाठ दुखत नाही.

पौर्णिमेला ती पांढरं लुगडं नेसून विहारात जायची आणि अष्टशील, म्हणजे दिवसभरासाठी आठ नियमांचं व्रत, घ्यायची. दुपारी बारानंतर तिच्या तोंडात अन्नाचा कण जात नसे. मात्र बाकीच्यांना ती त्या दिवशी दुप्पट आग्रह करून वाढी. खोटं बोलायचं नाही हे शील तसं रोजचंच, पण त्यात तिनं स्वतःपुरती एक सोय काढली होती. "एरवी जीभ घसरली तं सांजच्याले बुद्धासमोर कबूल कराचं. पन पौर्णिमेले घसराचंच नाई!" एकदा आठवडी बाजार पौर्णिमेला आला, तेव्हा मळ्यातली वांगी विकायला बसलेली ही बाई गिऱ्हाइकाच्या हातातलं वांगं काढून घेत होती. "हे नोको नेऊ बाई, याच्यात किडा असन." मोठी सून कपाळाला हात लावून बसली, आणि दुपारपर्यंत टोपली रिकामी झाली. नातवंडं तर भिंतीवरच्या कॅलेंडरात पौर्णिमा पाहून मगच खोड्या करत. त्या दिवशी आजीसमोर चिंचा पाडल्या की मास्तरांच्या कानावर गेल्याच म्हणून समजा, कारण मास्तर तिच्याच घरात राहत होते.

आता माझं सांगतो. माझं घर पवनीचं, विणकरांचं. निघताना आईनं स्टोव्ह, दोन पातेली आणि 'कुणाच्या घरी जेवायचं नाही' अशी ताकीद बांधून दिली होती. कुणाच्या म्हणजे कुणाच्या, हे तिनं सांगितलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही. स्टोव्ह आठ दिवस चालला. नवव्या दिवशी आजीनं माझ्या पातेल्यात डोकावून पाहिलं. "मास्तर, हा भात हाये का पुस्तकाले लावाची खळ?" त्या दिवसापासून मी दोन्ही वेळा तिच्याकडे जेवू लागलो. घरी गेलो की मात्र रॉकेल किती महाग झालंय ते आईला सांगायचो. आणि आजीला सांगायचो, की घरी सगळ्यांना ठाऊक आहे, कुणाची काही हरकत नाही.

तीन वर्षांनी माझे मामा कारध्याच्या एका गृहस्थांना घेऊन न कळवता हजर झाले. या गृहस्थांची मुलगी मला सांगून आली होती. ती मला मनापासून आवडली होती. मामांनी येताना कॅलेंडर पाहिलं नव्हतं. ओसरीवर आजी पांढऱ्या लुगड्यात बसली होती. मुलीच्या वडिलांनी सहज विचारलं, "काय आजी, मुलगा कसा आहे?"

"पोरगा चांगला हाये," आजी म्हणाली. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच ती पुढे निघाली, "सुट्टीच्या दिवशी आठ वाजेपर्यंत लोळते. रागावला की फुगून बसते. नोकरी पक्की नाई, होईन का नाई मले मालूम नाई. मागच्या साली कावीळ झालती, आता बरा हाये."

मामांना घाम फुटला. बाजू सावरायला ते घाईघाईनं म्हणाले, "पण एक आहे हां, आमचा भाचा हातानं रांधून खातो. दुसऱ्याच्या घरचं अन्न नाही. विचारा यांनाच!"

आजी गप्प राहिली. हो म्हणवत नव्हतं, आणि नाही म्हटलं तर माझं लग्न मोडून घरी आकाशपाताळ एक झालं असतं. ती पदराचा काठ सरळ करत बसली, माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. माझ्या स्टोव्हची सगळी कथा तिला पहिल्यापासून ठाऊक होती, हे मला त्या क्षणी कळलं.

"मामा, मी इथंच जेवतो," मी म्हणालो. "तीन वर्षं झाली. दोन्ही वेळा."

मामा समोर आलेल्या चहाला हात न लावता उठले आणि रस्त्यावर जाऊन उभे राहिले. मुलीचे वडील बसून राहिले. त्यांनी कप उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाले, "आजी, साखर जराशी कमी हाये."

लग्न झालं. माझी आई वर्षभर माझ्याशी धड बोलली नाही, पुढे बोलू लागली. आजीच्या घरचं पाणी मात्र तिनं शेवटपर्यंत घेतलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढे आजी थकली होती तेव्हा एकदा मी धीर करून विचारलं, "त्या दिवशी तुम्ही गप्प का राहिलात?"

"ते सांगाचं काम तुह्यं होतं, बापू. मी सांगतलं असतं तं तू जन्मभर माह्या घरी मान खाली घालून जेवला असता."

"आणि मी खोटं बोललो असतो तर?"

"तं काय? सांजच्याले तुह्यं ताट वाढलंच असतं."

त्याच वर्षी ती गेली. मला माणूस म्हणून ताठ उभं केलं ते तिनं, पण हे तिला सांगायचं राहूनच गेलं. तिच्या मरणोत्तर जलदानविधीला आम्ही नवराबायको दोघं गेलो आणि पंगतीत बसलो. तिच्या धाकट्या सुनेनं माझ्या पानात भात वाढला. मी मान वर ठेवून पहिला घास घेतला.