बाजेखालची परात

पुण्याला निघायच्या दिवशीही आईनं मला परसात लुगड्याच्या आडोशाला बाजेवर बसवूनच न्हाऊ घातलं. खाली परात. परातीत साठलेल्या पाण्यात तिनं लगेच माझेच कपडे बुचकळले. मी चिडले, नर्सची नोकरी लागली होती, आज तरी मोरीत अंघोळ करू द्यावी! आई म्हणाली, "तू पुन्याला चाललीस म्हणून पानी वाढलं व्हय गं?"

इथं पुण्यात आमच्या सोसायटीत मध्यंतरी 'सस्टेनेबल लिव्हिंग'वर व्याख्यान झालं. वापरलेलं पाणी पुन्हा वापरा, वगैरे. गावाकडं, चकलांब्याला, आम्ही त्याला दुष्काळ म्हणायचो.

पण आम्हीही काही धुतल्या तांदळासारखे नव्हतो. वडील सहकारी कारखान्याचे सभासद. घरात न्हाणं परातीत आणि उसाला मात्र मोटार चालू. त्याच उसावर मी शिकले आणि विहीर आटली. मी निघून आले, आईच्या वाट्याला टँकर आला. हे मला फार बोचतं.

वडील गेल्यावर, मागच्या उन्हाळ्यात, मी आईला कायमचीच घेऊन आले. शॉवरखाली ती उभी राहीना. टबात बसून न्हायची, मग ते पाणी बादलीत भरून घरभर हिंडायची. सगळीकडं फरशी. एकदा लिफ्टनं खाली लॉनवर गेली, तर वॉचमन म्हणाला, "आजी, साबणाचं पाणी इथं नको." बादली घेऊन तशीच वर आली.

"आता हे कुनाला घालू?"

"ओत मोरीत, आई. इथं पाण्याला तोटा नाही."

तिनं ओतलं. त्याच आठवड्यात गावी परतायला पिशवी भरली. मी भांडले, रडले, तिच्या गुडघ्यांची आठवण करून दिली.

"लई सुख हाय बाई तुझ्याकडं," ती म्हणाली. "पर माझं न्हानं वाया जातंय. तिथं दारची लिंबोणी त्याच्यावरच जगती. मी हितं बसले तर तिला कोन बघल?"

गेली. आता फोनवर मी "ये" म्हणत नाही. कुठल्या तोंडानं म्हणू?

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, घर कुठलं ते मला आईनं दाखवलं. इथं फ्लॅट माझ्या नावावर आहे, नळाला पाणी आहे. पण मी नसले तर वाळून जाईल, असं इथं काहीच नाही.