घडीची खुर्ची आणि मिसुरीचा परवाना

रोज सकाळी आठला सुनेत्रा सिंगापुरातल्या यिशुन भागातल्या फ्लॅटमधून अमेरिकेत कामाला जायची, ओट्यापासून चार पावलांवर. अमेरिकेत शिकून ती फिजिशियन असिस्टंट झालेली, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली पेशंट तपासणारी. नवऱ्याची, शिरीषची, बदली सिंगापूरला झाली आणि इथे तिचा हुद्दाच कुणाला ठाऊक नाही. मग काय, बाई लॅपटॉपवरून मिसुरी राज्यातले पेशंट बघू लागल्या. परवाना तेवढ्या एकाच राज्याचा. पेशंटचं पाऊल हद्दीबाहेर असलं की हिने तोंडाला कुलूप लावायचं.

सासूबाई, संजीवनीबाई, पुण्याहून आलेल्या. तीन आठवडे खोकत होत्या, आणि क्लिनिकचं नाव काढलं की मान फिरवायच्या.

"घरात डॉक्टरीण असताना परक्याला जीभ दाखवू?"

"आई, मला इथे परवाना नाही," सुनेत्रा रोज सांगायची. हा खोकला साधा नाही, या धास्तीने ती आतून पोखरली होती. पण सासूबाईंपुढे कुणाचं चाललंय!

एका सकाळी स्क्रीनवर एक अमेरिकन आजोबा आले. आत्ता कुठे आहात, हा नियमाचा पहिला प्रश्न तिने विचारला. आजोबा लेकीकडे, शेजारच्या कॅन्सस राज्यात. मग तपासता येणार नाही म्हणाली. पण रस्त्यापलीकडचा फुटपाथ मिसुरीतच होता की! म्हातारबुवांनी घडीची खुर्ची काखोटीला मारली, रस्ता ओलांडला आणि तिथे ऐसपैस बसून आऽ केलं. भाजी निवडणाऱ्या सासूबाईंनी सगळं बघितलं, खोदून खोदून विचारूनही घेतलं.

दुसऱ्या दिवशी काम संपवून सुनेत्रा वळते तो काय, सासूबाई दारात. अंगावर इरकली, हातात पासपोर्ट, काखेत स्वयंपाकघरातली घडीची खुर्ची.

"शिरीष म्हणाला, पुलापलीकडे मलेशिया आहे. चल."

"आई, तिथलाही परवाना नाही मला."

"मग सांग ना, मी कुठे जाऊन बसू?"

सुनेत्राला हसू फुटलं आणि डोळेही भरले.

"टॅक्सीत," ती म्हणाली. "क्लिनिकमध्ये मी शेजारी बसते. डॉक्टरचा शब्द न् शब्द ऐकते."

एक्स-रेत न्यूमोनिया निघाला, वेळेत. डॉक्टरने सुनेत्राकडे बघून विचारलं, या कोण?

"माय डॉक्टर," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या. "तुम्हाला सेकंड ओपिनियनसाठी आणलंय."