न हललेला व्हिडिओ

वडीगोद्रीच्या हायवेवरच्या हॉटेलात तो मला रोज दिसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. खिशात मावेल एवढा कॅमेरा, त्याची दोरी मनगटाला गुंडाळलेली. शर्टाच्या टोकानं काच पुसायचा आणि भज्यांच्या कढईचे, उकळत्या चहाचे व्हिडिओ काढत बसायचा.

एका सकाळी हॉटेलसमोरच मजुरांचा टेम्पो उलटला. आम्ही होतो तेवढे धावलो, माणसं ओढून बाहेर काढायला लागलो. तो मात्र कॅमेरा धरून टेम्पोभोवती फिरत राहिला.

अँब्युलन्स गेल्यावर मी हातपाय धुवून बाकावर बसलो, तर हा चहा घेऊन शेजारी टेकला आणि कॅमेरा माझ्यापुढं धरला.

"बघा, त्या टायमाला माझा हात कसा थरथरून राह्यल्ता. पण व्हिडिओ बिलकुल हलला न्हाई. म्हणून तर येवढा महागाचा कॅमेरा घेतला."

खरंच हलला नव्हता. त्याचा हात मात्र अजून थरथरत होता, कपातला चहा पँटीवर सांडत होता. क्षणभर मला त्याची कीव आली. म्हणजे हाही घाबरला होता, आणि कॅमेऱ्यानं नेमकं तेवढंच पुसून टाकलं होतं.

तेवढ्यात कॅमेऱ्यातून माझाच आवाज आला, "ओ कॅमेरावाले, ठेवा ते! इकडं हात लावा, माणूस अटकलाय खाली!" मग पुन्हा तेच, आता रडवेल्या आवाजात. चित्र तसंच, स्थिर.

त्यानं आवाज वाढवला आणि कौतुकानं माझ्याकडं बघितलं.

"आवाज पण किती साफ आला, न्हाई का?"