केडगावात बसवलेले टायर

माझा संशयी स्वभाव वारशाने आलेला नाही, नोकरीत कमावलेला आहे. मी जनावरांच्या दवाखान्यात स्टॉकमन होतो. लोक ढोरांचा डॉक्टर म्हणत, पण निम्मं काम लोकांच्या थापांतून खरं वेचायचं. चार दिवस चारा न खाल्लेली गाय घेऊन येत आणि आत्ता सकाळपर्यंत ठणठणीत होती म्हणून शपथा घेत. त्यामुळे बैलाचे दात बघितल्याशिवाय आणि माणसाला तीनदा विचारल्याशिवाय मी काही मानत नसे. विश्वास तर पानिपतावर गेला, असं मी येताजाता म्हणायचो आणि स्वतःवर खूश व्हायचो.

बाहत्तरचा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. नेमणूक अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या अलीकडच्या एका डोंगरी गावात होती. घर देवळाली प्रवरेला, ऊसवाल्यांचं. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, पण बायको माझ्या आईवडिलांजवळ देवळालीलाच असे. एकदा तिला नोकरीच्या गावी नेलं होतं. गावात उतरणाऱ्या तांबड्या मातीच्या उतारावर माझी लहानशी मोटारसायकल घसरली आणि दोघंही चिखलात बसलो. लागलं कुणालाच नाही. तरी चौथ्या दिवशी ती परत गेली, आणि त्यानंतर कधी विषय काढला की रस्त्याचं कारण सांगायची.

त्या वर्षी पंचमीला ती माहेरी केडगावला गेली होती. तिकडून तिचा निरोप आला: गाडीचे टायर बदलणार असाल तर आठ दिवस येऊन बघते, कायमचं राहायचं की नाही ते मग ठरवीन. मला आनंद झाला, आणि लगेच डोक्यात आलं, आठच दिवस का? हे तिला शिकवलं कुणी? पण एकट्याने भाकऱ्या थापून मी कंटाळलो होतो, आणि खरं सांगायचं तर ती मला हवी होती. ती बोली मी मान्य केली.

टायर निवडणं सोपं नव्हतं. अकोल्यापर्यंत डांबर, पुढे चिखल. डांबराचा गुळगुळीत टायर चिखलात फिरत राहतो, आणि निव्वळ मोठ्या ठोकळ्यांचा टायर डांबरावर हाडं खिळखिळी करतो. नगरच्या एका दुकानदाराने मधला मार्ग दाखवला. मधोमध ठोकळे दाट आणि चपटे, कडेला विरळ आणि उंच. अर्धं डांबर, अर्धा चिखल, असं तो म्हणाला. दुकानदार दोन्हीकडून बोलायला लागला की माझा हात आपोआप खिशाकडे जातो. मी टायर उन्हात नेले. जुन्यावर रबर चढवून नवा म्हणून देत नाही ना, म्हणून कडेचा सांधा नखाने खरवडला. आतून वास घेतला. कागदावर लिहून आणलेला आकडा टायरवरच्या आकड्याशी ताडून पाहिला. आकड्याजवळ फिरण्याची दिशा दाखवणारा बाण होता, तोही पाहून ठेवला. शेवटी दुकानदार वैतागला. साहेब, लग्नाची मुलगी तरी इतकी पारखली होती का, असं त्याने विचारलं. मी गप्प बसलो, कारण पारखली होती. केडगावात तीन वेगवेगळ्या माणसांकडून तिची चौकशी करवली होती.

टायर बसवायचे ठरले केडगावातच. पुणे रस्त्याला लिंबाखाली एका म्हाताऱ्या मेस्त्रींचं पंक्चरचं दुकान होतं. बायकोच्या वडिलांची सायकल वर्षानुवर्षं तेच दुरुस्त करत. ती त्यांना काका म्हणायची. सासरवाडीचा माणूस एकतर जावयाचे लाड करतो, नाहीतर त्याला गंडवतो, असा माझा हिशेब. नव्या ट्यूबा बदलून जुन्या घालू नयेत म्हणून मी त्यांवर आधीच शाईने खुणा करून ठेवल्या होत्या. मेस्त्रींनी ट्यूब उलगडली, खूण पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि कामाला लागले. बायको पिशवी घेऊन शेजारच्या बाकावर बसली होती. खूण तिनेही पाहिली.

म्हाताऱ्यांचा हात मात्र बघत राहावा असा होता. टाचेने दाबून जुन्या टायरची कड मोकळी केली. आऱ्यांची टोकं ट्यूबला टोचू नयेत म्हणून रिमच्या आतून बोटं फिरवली. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या दोन लोखंडी पट्ट्यांनी नवा टायर असा चढवला की, त्यात जोर कुठला आणि युक्ती कुठली ते कळू नये. मागचं चाक झालं. पुढच्या चाकाला त्यांनी टायर लावला, आणि मला दिसलं की बाण उलटीकडे आहे.

मी काम थांबवलं. ते शांतपणे म्हणाले, "मागलं चाक ढकलतं, पुढलं आडवतं, सायेब. दोघांची कामं उलटी, म्हनून ठोकळंबी उलटं."

मला ती सारवासारव वाटली. कारखान्याचे ट्रॅक्टर बघत मी वाढलो होतो. टायरचे ठोकळे कुठल्या दिशेला हवेत हे मला कुणी शिकवायला नको होतं. त्यात बाण तर समोर छापलेला. मी बोट ठेवून विचारलं, बाण दिसत नाही का, वाचता येत नाही का? त्यांना खरंच वाचता येत नव्हतं. काम चुकलं तर चुकलं म्हणावं, असंही मी वर ऐकवलं. बायको बाकावरून उठली. मेस्त्रींनी टायर काढला, माझ्या म्हणण्याप्रमाणे फिरवला आणि तितक्याच काळजीने पुन्हा चढवला. हवा भरली, हात धुतले. मग माझ्याकडे न बघता तिला म्हणाले, "पोरी, मोठा उतार आला की खाली उतरून चाल."

संगमनेरपर्यंत ती पिशवी पोटाशी धरून मागे बसली होती. डांबरावर टायर घुमत होते. अकोलं सोडल्यावर चिखल लागला, तरी मागचं चाक पकड सोडेना. बघ, बघ, असं मी तिला तीनदा म्हणालो. गावाच्या वरच्या वळणावर तिने माझ्या खांद्यावर हात ठेवून गाडी थांबवायला लावली आणि पिशवी घेऊन खाली उतरली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्यापेक्षा पंक्चरवाल्याचं ऐकतेस का, असं विचारलं. ती चालायला लागली होती.

मी रागातच गाडी खाली सोडली. पुढच्या वळणावर ब्रेक दाबला आणि पुढचं चाक अंगाखालून निघून गेलं. कोपर खरचटलं, पॅन्ट फाटली. घसरलो तो टायरमुळे की डोक्यातल्या रागामुळे, हे आजही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

ती आली. हसली नाही. गाडी उचलायला हात दिला. पायथ्याच्या ओढ्यावर मी पुढचं चाक धुवायला बसलो. चिखल गेला आणि बाण दिसला. बाणाखाली बारीक इंग्रजी अक्षरं होती: मागच्या चाकासाठी. वीतभर अंतरावर दुसरा बाण, उलट दिशेचा. त्याखाली: पुढच्या चाकासाठी. नखाने खरवडलं, वास घेतला, आकडा ताडला, आणि एक बाण सापडल्यावर मी पुढे वाचायचंच सोडलं होतं. मला शहाण्याला जे वाचून कळलं नाही, ते निरक्षर माणसाने हाताने ओळखलं होतं.

काय लिहिलंय, तिने विचारलं. तिला इंग्रजी येत नव्हतं. कंपनीचं नाव आहे, असं सांगून मोकळा झालो असतो, आणि ते शब्द ओठांपर्यंत आलेही होते. तोंड वर न करता मी जे होतं ते सांगितलं.

ती ओढ्याच्या दगडावर बसली. मला वाटलं, आता मेस्त्रींची बाजू घेऊन भांडेल.

"रस्त्याचं मी निमित्त केलं हुतं," ती म्हणाली. "घसरायचं भ्या मला कवाच न्हवतं. तुमी दवाखान्यातनं आलं की कोन आल्तं, काय बोललं, किती येळ बसलं, ह्येच इचारायचं. चार दिसांत मी लई थकले. म्हनलं, आता तुमी बदलला असाल. आन् आज त्या ट्यूबंवरची खून बघितली."

आपण सावध आहोत, असं मी समजत होतो. आपल्याजवळ राहणाऱ्याला ती कोठडी वाटत असेल, हे कधी मनात आलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि भीतीही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. तिने साबणाचं पाणी ओतलं आणि मी पुढचा टायर उलटवला. म्हाताऱ्यांनी पाव तासात केलेल्या कामाला मला अख्खी सकाळ लागली, आणि पट्टीत चिमटून ट्यूब फाटली ती वेगळीच. आठ दिवस मी जीभ चावून काढले. दवाखान्यातून आलो की कितीतरी प्रश्न तोंडाशी यायचे, आणि मी अंगणात जाऊन उगीच गाडी पुसायचो. आठव्या दिवशी तिला देवळालीला जायला अकोल्याच्या एसटी स्टँडवर सोडलं. परत येणार का, हे मी विचारलं नाही. गाडी सुटताना खिडकीतून ती एवढंच म्हणाली की दिवाळीनंतर बघते. त्यातून हो आणि नाही दोन्ही निघत होतं.

मध्ये एकदा केडगावला गेलो आणि मेस्त्रींना सगळं सांगितलं. त्यांनी बोटाने टायर दाबून पाहिला आणि हवा कमी आहे म्हणाले.

दिवाळी झाली. मी पत्र टाकलं नाही, कुणाकरवी चौकशी केली नाही. एकच केलं. शेजारी शाळेतल्या शिपायाचं कुटुंब राहत होतं. रोज निघताना खोलीची किल्ली त्यांच्याकडे ठेवायला लागलो, कुणी आलं तर बाहेर ताटकळू नये म्हणून. पहिले काही दिवस निम्म्या वाटेतून माघारी फिरावंसं वाटायचं.

मग एका दुपारी दवाखान्यातून आलो तर कुलूप निघालेलं. स्वभावाला औषध नाही. पहिला विचार चोराचाच आला. दार ढकललं तर ती आत तांदूळ निवडत बसली होती.

"किल्ली शेजारी ठिवता व्हय आता?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो. कधी आलीस, कशाने आलीस, बरोबर कोण होतं, यातलं काहीच विचारलं नाही. तिने सूप थोडं बाजूला सरकवलं आणि मला बसायला जागा करून दिली.