आप्पांचे सुरुंग

एकतीस वर्षं मी कडेगावात पोरांना इतिहास शिकवला. पानिपतावर कोण कुठं उभा होता ते मला झोपेतून उठवून विचारा. स्वतःचा बाप एकाहत्तरच्या लढाईत कुठं उभा होता, तेवढं मात्र विचारू नका.

गेल्या महिन्यात ग्रामपंचायतीनं माजी सैनिकांचा फलक करायचं ठरवलं. प्रत्येक नावाखाली दोन ओळी. लिहायला मीच पुढं झालो. पुढं पुढं करायची खोड जुनीच. बावीस जणांचं लिहून झालं आणि तेविसाव्या नावावर गाडी अडली. आप्पासो, म्हणजे माझे वडील.

आप्पा फौजेत सुरुंगाच्या कामावर होते, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक. तेही तेवढंच बोलायचे. आमच्याकडं सुरुंग म्हणजे विहिरीचा. भोक पाडा, दारू भरा, वात पेटवा, पळा. तेवढ्या भांडवलावर मी सव्वीस जानेवारीच्या भाषणात आप्पांच्या हातून शत्रूचा एक पूल उडवला. टाळ्या पडल्या, म्हणून पुढल्या वर्षी आणखी एक. मी निवृत्त होईतो शत्रूकडं पूल शिल्लक राहिला नव्हता.

आणि हेच चिरंजीव घरी काय बोलत होते? दोन हजार तीन साली आमच्या विहिरीला खडक लागला. सुरुंगवाले आले, आणि आप्पा पिशवी घेऊन सकाळच्या एसटीनं निघून गेले. चौथ्या दिवशी परतले तेव्हा मी सगळ्या गड्यांसमोर म्हणालो, "एवढे फौजी, आणि वातीला भिऊन पळाला व्हय?" गडी हसले. आप्पाही थोडे हसले आणि बैलांना पाणी पाजायला गेले. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचं ते हसणं मला अजून छळतं.

ट्रंक उघडली. डिस्चार्ज बुकात एकच कामाची ओळ सापडली. सॅपर, इंजिनिअर रेजिमेंट. बायको, क्रांती, म्हणाली, "आवं, त्यांची डायरी बघा की आधी." इतिहासाचा मास्तर मी, आणि साधनं तिला सुचतात. डायरीत 'लालासाहेब, सुरुंग' असं लिहून खाली साताऱ्याजवळच्या एका गावाचा पत्ता होता. दुसऱ्याच दिवशी तिथं गेलो.

लालासाहेब शहात्तर वर्षांचे. उजवा पाय गुडघ्याखाली नकली. मी वही काढली आणि ऐटीत विचारलं, "आप्पांनी किती सुरुंग उडवले?"

"उडवलं?" म्हातारा माझ्याकडं बघतच राहिला. "मास्तर, आमी काढायचो. लढाई थांबली तरी रानात पेरलेलं तसंच हुतं. पोटावर पडून सळई तिरकी खुपसायची, लागलं की बोटानं माती सारायची. एक माझ्या पायाखाली फुटला. तुझा बा न तपासलेल्या रानातनं आत शिरला आन् मला पाठीवर घिऊन भाईर आला. तवापासनं त्येला धडाका सोसंना."

माझी वही कोरीच होती. "विहिरीच्या वेळी..." मी म्हणालो.

"तीन दिस हितंच हुता. मी म्हनलं, पोराला खरं सांग की. तर म्हनला, न्हाई रं, सांगितलं तर त्यो काम थांबवंल. लागू दे पानी."

पाणी लागलं. लय लागलं. आमचा सगळा ऊस त्याच्यावर उभा आहे.

फलकावर मी एकच ओळ लिहिली. 'सुरुंग काढले.' दुसऱ्या ओळीची जागा रिकामी सोडली. त्या दिवशी हसलेल्या गड्यांपैकी तिघं अजून गावात आहेत. फलक लागायच्या आधी तिघांच्या दारात जाऊन सगळं सांगितलं. शेवटी ज्ञानूकडं गेलो. तो म्हणाला, "आवं सर, आमी कवाच इसरलो ते."

"तू विसर," मी म्हणालो, "पण मला तुझ्यापुढंच बोलायला लागणार. आप्पांपुढं बोलायला मी सहा वर्षं उशिरा आलोय."