मामींच्या खतातला जिवाणू

नाशिकच्या एका माती तपासणीच्या लॅबमध्ये मी दिवसभर जिवाणू ओळखते. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी मातीचं नावही नको वाटतं. पण मामींचा फोन आला, "टोमॅटो हिरवेगार असून माना टाकतायत. लय घोर लागलाय गं, ये ना." निघाले.

निफाडची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, पण जागा मिळेल तर शपथ! पुढे शेअर रिक्षा. ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा स्टँडवर आधी मिसळ खाऊन घ्या.

आधी मामींचं रान बघितलं. पानांवर ना डाग, ना पिवळेपणा. झाडं नुसती कोलमडलेली. एक खोड कापून पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात धरलं. थोड्याच वेळात त्यातून दुधासारखा धागा खाली उतरू लागला. म्हणजे बुरशी नाही, जिवाणूच.

"मागच्या हंगामातही झाडं अशीच मेली होती का?"

"थोडी. खताच्या ढिगात टाकली. वाया कशाला घालवायची?"

"ढीग तापला होता? वाफ निघायची?"

"नाय बाई. गारच होता."

तापला असता तर हे जिवाणू मेले असते. मग मामींनी हळूच सांगितलं: संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी याच खताच्या पिशव्या वाण म्हणून लुटल्या होत्या. प्लास्टिकच्या डब्यांपेक्षा बऱ्या, म्हणून. आणि त्या घेणाऱ्या सगळ्या भाजी पिकवणाऱ्या बायका. अरे देवा!

"कुणाला बोलू नको. गावात तोंड कसं दाखवू मी?"

"मामी, तुम्ही गप्प बसलात तर त्यांचीही रानं जातील," मी जरा चिडूनच म्हणाले. "नाव पक्कं झालं की तुम्हीच सांगायचं."

निघताना खोडाचा आणि खताचा नमुना घेतला, चपला घासून धुतल्या. अशा रानात गेलात तर तुम्हीही धुवा, हा रोग चिखलाबरोबर फिरतो.

लॅबमध्ये बशीत खोडातून आणि खतातून जिवाणूंचे सारखेच ठिपके वाढले, पांढरे, मध्ये गुलाबी. पुढच्या चाचण्यांतही एकच नाव निघालं: राल्स्टोनिया. एरवी नमुना ओळखला की मी खूश होते. या वेळी घरी येऊन जेवणसुद्धा गेलं नाही. मामींना फोन करून नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. त्या दारोदार फिरल्या होत्या. बऱ्याच जणींच्या पिशव्या अजून बांधलेल्याच होत्या. शेजारच्या लतानं मात्र सगळं खत वांग्यांना घातलं होतं.

"तिच्या वांग्यांनीबी माना टाकल्या. औषध सांग, मी आणून देते."

"औषध नाही, मामी. हा जिवाणू मातीतच राहतो. त्या रानात आता बरीच वर्षं वांगी, टोमॅटो, मिरची काही नको. मका लावता येईल."

"मक्यावर तिचं घर चालंल व्हय? तिला तेवढंच रान हाय." मामींनी आवाज खाली आणला. "माझ्याजवळच उभी हाय ती. माझ्याच्यानं नाय होत. तू सांग."

मग फोनवर दुसरा आवाज आला. "बोला ताई. किती वर्षं?"